हजेरीपटाबाहेरची माणसे

एखाद्या उद्योगात नवे यंत्र आणावयाचे झाले म्हणजे मालक प्रथम हजेरीपट मागवितो. आज कामावर किती माणसे आहेत, त्यांच्या पगारावर किती खर्च होतो, यंत्र आल्यावर त्यांतली किती लागतील आणि किती उरतील, हा हिशेब तेथून सुरू होतो. कामगार संघटनाही तोच हजेरीपट घेऊन समोर बसते आणि त्यावरचे एकही नाव खोडले जाऊ नये म्हणून झगडते. दोघांचे भांडण खरे असते. पण दोघेही एकाच कागदावर भांडत असतात. त्या कागदावर ज्यांचे नाव कधी चढलेच नाही, किंवा चढू दिलेच नाही, त्यांचा विचार करण्याची गरज दोघांपैकी कुणालाच वाटत नाही. या देशातील यंत्रीकरणाचा इतिहास दलितांच्या बाजूने वाचावयाचा असेल तर तो या हजेरीपटाच्या बाहेर उभे राहून वाचावा लागतो.

आज हे सांगण्याचे कारण उघड आहे. कृत्रिम बुद्धिमत्ता आपल्या व्यवसायात कशी आणावी याच्या योजना लहानमोठ्या कंपन्या, बँका आणि सरकारी खाती सध्या आखीत आहेत. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने या कामासाठी दहा हजार कोटींहून अधिक रुपयांची मोहीम मंजूर केली. जून २०२५ मध्ये महाराष्ट्र शासनाने शेतीत कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याचे धोरण ठरविले आणि त्याला पाचशे कोटी रुपये दिले. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने आपली सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांवर माणसे कमी करणार असल्याचे जाहीर केले. याचे कारण कृत्रिम बुद्धिमत्ता नसून कौशल्ये जुळत नाहीत हे आहे, असे कंपनीचे म्हणणे होते. कारण कोणतेही धरा. कोणती कामे माणसाने करावयाची आणि कोणती यंत्राने, याची फेरमांडणी सुरू झाली आहे, एवढे निश्चित.

गोंडपिपरीसारख्या तालुक्याच्या गावी बसून या गोष्टींचा विचार कशासाठी करावा, असे कुणी विचारील. मी येथे शिकवितो. माझ्यापुढे बसणाऱ्या मुलामुलींत घरातले पहिले पदवीधर होऊ पाहणारेच अधिक आहेत. मीही तसाच झालो. त्यांच्या डोळ्यांपुढे ज्या नोकऱ्या आहेत त्या बँकेतील लिपिकाच्या, कार्यालयातील नोंदी भरण्याच्या, ग्राहकांच्या फोनला उत्तर देण्याच्या, हिशेब तपासण्याच्या. नव्या यंत्राकडे सर्वांत आधी सोपविण्याजोगी म्हणून जी कामे आज सांगितली जातात ती नेमकी हीच. तेव्हा हा प्रश्न मुंबई-पुण्याचा राहिलेला नाही. त्याचे उत्तर शोधण्यापूर्वी अशा योजना पूर्वी कोणी आखल्या, त्यांत आपल्या समाजाला कोठे बसविले होते, हे पाहणे आवश्यक आहे.

१

आमचा भाग वर्धा आणि वैनगंगा या दोन नद्यांच्या मधला. येथे धान आणि कापूस पिकतो, जंगलातून बांबू आणि तेंदूपत्ता निघतो. दीडशे वर्षांपूर्वी या चांदा जिल्ह्यात आणि लगतच्या नागपूर-भंडाऱ्याकडे हातमागावर कापड विणणाऱ्यांची वस्ती मोठी होती. कोष्ट्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. महार विणकरांचे नाव मात्र फारसे घेतले जात नाही. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली मध्य प्रांतातील जातीजमातींवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला त्यात महारांच्या धंद्यांत गावकामगारीबरोबर जाडेभरडे कापड विणणे हाही धंदा नोंदलेला आहे. या नोंदीचे महत्त्व मोठे आहे. गावकामगार म्हणून महार गावाचा नोकर होता. वाट्याला येईल ते बलुते आणि शिळे अन्न घेऊन तो उभा राही. मागावर बसला म्हणजे मात्र तो मालाचा कर्ता आणि विक्रेता होई. आपल्या हाताने विणलेले लुगडे किंवा पासोडी बाजारात नेऊन तो पैसा आणी. जातीच्या चौकटीत राहूनही थोडी मान वर करता येईल असा तो धंदा होता.

१८६० च्या दशकाच्या अखेरीस रिव्हेट-कार्नाक हा इंग्रज अधिकारी मध्य प्रांत व वऱ्हाडचा कापूस आयुक्त होता. अमेरिकेतील यादवीने लँकेशायरच्या गिरण्यांना कापसाचा दुष्काळ दाखविला होता, आणि वऱ्हाडच्या कापसावर इंग्रज व्यापाऱ्यांची नजर होती. या अधिकाऱ्याने आपल्या अहवालात एक आशा बोलून दाखविली. ती थोडक्यात अशी: कापसाच्या मुलखात रेल्वेचा फाटा आला की विलायती कापड स्वस्तात येईल, देशी कापड त्यापुढे टिकणार नाही, मग येथे विणकामात खपणारा कापूस निर्यातीसाठी मोकळा होईल, आणि सूत कातण्यात व कापड विणण्यात गुंतलेली माणसे शेतमजुरीसाठी मोकळी होतील. १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वे पोहोचली.

ही योजना काळजीपूर्वक वाचली पाहिजे, कारण पुढच्या सर्व योजनांचा साचा तीत आहे. तीत गाठींचा हिशेब आहे, वाहतुकीचा आहे, विलायतेतील गिरणीचा आहे. विणकराचाही उल्लेख आहे. पण तो कसा? 'मोकळे होणारे हात' म्हणून. हात मोकळे होतील, हे त्या अधिकाऱ्याने ओळखले. त्या हातांना जमीन आहे काय, मजुरी कोण देणार, कोणत्या अटीवर देणार, हे प्रश्न योजनेत नाहीत. भूमिहीन महार विणकराने माग सोडून शेतमजुरीवर जाणे म्हणजे ज्या पाटला-मालगुजाराच्या वाड्यापासून तो थोडा दूर सरकला होता त्याच वाड्याच्या दारात परत जाणे. इतिहासाच्या पुस्तकात याला देशी उद्योगाचा ऱ्हास म्हणतात. आमच्या बाजूने पाहिले तर तो स्वाभिमानाच्या एका जागेचाही ऱ्हास होता.

येथे एकतर्फी बोलणे बरोबर होणार नाही. यंत्राने एक दार बंद केले तसे दुसरे किलकिलेही केले. १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल सुरू झाली. तेथे १८८० च्या दशकात 'रिंग' पद्धतीच्या चात्यांचा प्रयोग झाला. जुन्या 'म्यूल' यंत्रावर सूत काढण्यास कसबी आणि दणकट माणूस लागे. रिंगच्या यंत्रावर ते काम थोड्या शिक्षणाने, बायकांनाही, करता येई. यंत्राने कसब सोपे केले की कारखान्याचे दार खालच्या थरातील माणसांना उघडते. गाव सोडून आलेला अस्पृश्य माणूस अशा खात्यात शिरला, त्याला रोख पगार मिळू लागला, आणि नागपूरच्या वस्त्यांतून शाळा, वाचनालये आणि चळवळ उभी राहिली ती या पगाराच्या आधारावर. पण तो कोणत्या खात्यात शिरला आणि कोणत्या खात्याच्या उंबऱ्यावर अडला, हे पाहिल्याशिवाय गोष्ट पुरी होत नाही. त्यासाठी मुंबईला जावे लागेल. कारण तेथे हा प्रश्न जाहीरपणे मांडला गेला.

२

मुंबईच्या गिरण्यांत चांगला पगार विणकाम खात्यात होता. साचेवाल्याची कमाई रिंग खात्यातील कामगारापेक्षा बरीच अधिक असे. अस्पृश्य कामगार रिंग खात्यात भरपूर होते. विणकाम खात्यात त्यांना मज्जाव होता. त्याचे जे कारण दिले जाई ते तांत्रिक होते. धोट्यात नवी कांडी भरली की तिचे सूत धोट्याच्या छिद्रातून तोंडाने ओढून घ्यावे लागे. एकाच धोट्याला अनेकांचे तोंड लागणार. तेव्हा अस्पृश्याने तोंड लावलेला धोटा स्पृश्याने कसा हाती घ्यावा? ज्या जातीच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या माग चालविला, त्यांनाच सूत बाटेल म्हणून यंत्रमागापासून दूर ठेवण्यात आले!

हे तांत्रिक कारण किती तांत्रिक होते? तोंडाने सूत ओढल्याने रोग पसरतो म्हणून अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १९११ सालीच अशा धोट्यांना बंदी घातली होती. तोंड न लावता सूत ओवता येईल असा धोटा बनविणे शक्य होते. अडचण धोट्यात नव्हती. धोटा ही अडचण आहे असे सर्वांनी मानून घेतले होते, कारण ते सर्वांना सोयीचे होते.

१९२६-२७ पासून मुंबईच्या गिरण्यांत 'कार्यक्षमते'ची भाषा सुरू झाली. एका कामगाराने दोनऐवजी तीन साचे पाहावेत, रिंग खात्यात एकाऐवजी दोन बाजू सांभाळाव्यात, माणसे कमी करावीत, अशी ही योजना. तिच्याविरुद्ध एप्रिल ते ऑक्टोबर १९२८ असा सहा महिने संप चालला. सुमारे दीड लाख कामगार त्यात उतरले. संप न्याय्य होता. पण संपाच्या मागण्यांत विणकाम खात्यातील मज्जावाचा उल्लेख नव्हता. बाबासाहेबांनी हा प्रश्न पुढाऱ्यांसमोर ठेवला: अस्पृश्यांना सर्व खात्यांत काम करण्याचा हक्क ही कामगारांची मागणी म्हणून मांडणार की नाही? ती मांडली जाणार नसेल तर अस्पृश्य कामगारांनी उपास काढून कोणासाठी लढावे? पुढाऱ्यांनी ती मागणी नाखुशीने यादीत घातली. मालकांपुढे ती गेली तेव्हा त्यांनी हात झटकले. हा अन्याय असेल तर त्याचे धनी आम्ही नव्हे, असा त्यांचा पवित्रा होता. आणि वाईट हे की त्यात तथ्य होते. मालकाने मज्जावाचा नियम लिहून ठेवलेला नव्हता. जॉबर भरती करी, साचेवाले आपल्या नात्यागोत्याचा बदली कामगार आणीत, आणि हजेरीपट आपोआप एका रंगाचा होई.

नियम कोठेच लिहिलेला नाही, कोणीच दोषी नाही, आणि तरीही माणूस आत येत नाही, ही गोष्ट ध्यानात ठेवावी. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील अस्पृश्य कामगारांच्या परिषदेत बाबासाहेबांनी हेच पुन्हा सांगितले. गँगमन म्हणून उन्हात राबणाऱ्या अस्पृश्याला पोर्टरची जागा मिळत नाही. कारण पोर्टरला स्टेशनमास्तरच्या घरचीही कामे करावी लागतात आणि तेथे अस्पृश्य चालत नाही. भांडवलशाहीबरोबर ब्राह्मणशाहीलाही त्यांनी कामगारांचा शत्रू म्हटले ते याच परिषदेत. ते वाक्य घोषणा म्हणून आपण पुष्कळ वापरले. त्यामागे भरतीच्या पद्धतीचे असे बारीक निरीक्षण होते हे आपण विसरतो.

३

येथे एक गैरसमज दूर करावा लागेल. दलितांनी यंत्राला विरोध करावा, असे या इतिहासातून निघत नाही. बाबासाहेब तर यंत्राचे पक्षपाती होते. १९४५ च्या काँग्रेस व गांधी यांच्यावरील ग्रंथात त्यांनी गांधीवादी यंत्रविरोधाचा कडक समाचार घेतला. यंत्रामुळे माणसाला फुरसत मिळते, फुरसतीशिवाय संस्कृती नाही, आणि यंत्रापासून होणारे अनर्थ यंत्राचे नसून चुकीच्या समाजरचनेचे आहेत, अशी त्यांची मांडणी होती. मैला डोक्यावरून वाहणाऱ्या, ढोरे ओढणाऱ्या, उन्हात खडी फोडणाऱ्या माणसाला यंत्र नको असे सांगणारा माणूस त्याचा मित्र असू शकत नाही. तेव्हा प्रश्न यंत्र आणण्याच्या योजनेचा आहे: ती कोण आखतो आणि तीत कोणाला मोजतो?

स्वातंत्र्यानंतर या प्रश्नावर काही चांगले काम झाले हे मान्य केले पाहिजे. १९५६ साली औद्योगिक विवाद कायद्यात दुरुस्ती होऊन कामाच्या अटी बदलण्यापूर्वी नोटीस देण्याचे बंधन मालकावर आले. ज्या यंत्रसुधारणेने कामगार कपात होण्याचा संभव आहे तीही या बंधनाखाली येते. जुलै १९५७ मध्ये पंधराव्या भारतीय श्रम परिषदेत मालक, कामगार आणि सरकार यांनी मिळून तत्त्वे ठरविली: यंत्रीकरणाने असलेल्या कामगारांची कपात होऊ नये व त्यांची कमाई घटू नये, लाभाची वाटणी न्याय्य व्हावी, कामाचा बोजा तज्ज्ञांकडून मोजून घ्यावा. आयुर्विमा महामंडळात संगणक येऊ लागले तेव्हा कर्मचाऱ्यांनी मोठा लढा दिला. १९६९ साली सरकारने स्वयंचलनाचा विचार करण्यासाठी समिती नेमली. तिचे अध्यक्ष पुण्याचे अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर होते आणि तिचा अहवाल १९७२ मध्ये आला. १९८३ साली बँक कर्मचारी संघटना आणि बँकांची संघटना यांच्यात यंत्रीकरणाचा करार झाला. १९८४ मध्ये रंगराजन समितीने बँकांच्या संगणकीकरणाचा आराखडा दिला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे; बदलाच्या नोटिशीचे कलम तिच्यातही आहे.

या सर्व संरक्षणांत एक शब्द पुन्हा पुन्हा येतो: 'असलेले' कामगार. असलेल्या माणसाला काढू नये. तत्त्व उत्तम आहे. पण ज्यांची पहिली पिढी नुकतीच दारात येऊन उभी होती त्यांना ते काय देत होते?

तारखा शेजारी शेजारी मांडून पाहा. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी चांद्याला धम्मदीक्षा दिली. त्यानंतर या जिल्ह्यातील बौद्ध घरांतून शाळेत गेलेली मुले दहा-पंधरा वर्षांनी नोकरीच्या वयाची झाली. १९६९ मध्ये चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले, १९८० मध्ये आणखी सहांचे. १९७३ मध्ये कोळसा खाणी सरकारकडे आल्या, १९७५ मध्ये वेस्टर्न कोलफील्ड्स स्थापन झाली आणि बल्लारपूर-राजुऱ्याकडील खाणी तिच्यात आल्या. सार्वजनिक क्षेत्र म्हणजे आरक्षण. आरक्षण म्हणजे जॉबरच्या आणि नात्यागोत्याच्या हजेरीपटाला पडलेले पहिले खिंडार. आमच्या समाजात ज्याला आज मध्यमवर्ग म्हणतात तो या खिंडारातून आत आला. आणि याच वर्षांत बँकेत, विम्यात, खाणीत यंत्रीकरणाची योजना आखली जात होती. 'कोणालाही काढणार नाही' हे वचन देऊन ती अमलात आली आणि वचन बहुतांशी पाळलेही गेले. मात्र निवृत्त झालेल्या माणसाची जागा भरली गेली नाही, किंवा ते काम कंत्राटदाराकडे गेले. कोणाचाच पगार बुडाला नाही. म्हणून कोणी रडलेही नाही. ज्या मुलाला ती जागा दहा वर्षांनी मिळाली असती त्याला आपले काय गेले हे कधी कळलेच नाही.

आरक्षणाची बिंदुनामावली ज्यांनी पाहिली आहे त्यांना हे लगेच उमगेल. बिंदुनामावलीत अमुक क्रमांकाचा बिंदू अनुसूचित जातीचा, अमुक अनुसूचित जमातीचा, असे ठरलेले असते. त्यासाठी आपण मोर्चे काढले, न्यायालयात गेलो. पण पदच नाहीसे झाले की बिंदूही नाहीसा होतो. त्याविरुद्ध मोर्चा कोणाच्या दारावर न्यावयाचा?

४

आता नव्या यंत्राकडे येऊ. पूर्वीचे यंत्र हजेरीपट लहान करीत होते. कृत्रिम बुद्धिमत्तेचे यंत्र त्याशिवाय आणखी एक गोष्ट करते: ते हजेरीपट वाचते आणि त्यातून शिकते.

याचे एक साधे भावंड आमच्या भागातील धानाच्या गिरण्यांत पाहावयास मिळते. त्याला सगळे 'सॉर्टेक्स' म्हणतात. तांदळाची पातळ धार उतारावरून सोडतात, कॅमेरा प्रत्येक दाणा पाहतो, काळा किंवा डागी दाणा दिसला की हवेचा झोत त्याला बाजूला उडवितो. हे काम पूर्वी बाया सूप घेऊन करीत. त्या रोजंदारीच्या असल्याने त्यांना कपातीची नोटीस देण्याचा प्रश्न नव्हता. त्या हजेरीपटावर नव्हत्याच. पण येथे महत्त्वाचे ते यंत्राचे काम. कोणता दाणा चांगला आणि कोणता वाईट, हे यंत्राला कोणीतरी ठरवून द्यावे लागते. दाण्यांच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही. माणसे निवडण्यासाठी असे यंत्र लावले तर?

नवी यंत्रे नियम लिहून देऊन तयार होत नाहीत. त्यांना हजारो जुनी प्रकरणे दाखवितात: हे अर्ज आले, त्यांतले हे घेतले, हे नाकारले; हे कर्ज फिटले, हे बुडाले; हा कामगार टिकला, हा सोडून गेला. यंत्र त्यातून आपणच खुणा शोधते आणि नव्या अर्जाला लावते. ॲमेझॉन कंपनीने भरतीसाठी असे एक यंत्र करून पाहिले. दहा वर्षांचे जुने अर्ज त्याला दाखविले. त्यांत पुरुषांचे अर्ज फार होते. यंत्राने बायकांचे अर्ज मागे टाकावयास शिकून घेतले. कंपनीला ते सोडून द्यावे लागले, आणि २०१८ मध्ये ही हकिकत जगापुढे आली. तेथे कोणी 'बायका नकोत' असे यंत्राला सांगितले नव्हते. यंत्राने वही वाचली, इतकेच.

आपल्याकडील वहीत काय लिहिले आहे? सुखदेव थोरात आणि पॉल अॅटवेल यांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. खासगी कंपन्यांच्या ५४८ जाहिरातींना ४,८०८ अर्ज पाठविण्यात आले. पात्रता सारखी असूनही उच्चवर्णीय हिंदू आडनावाच्या उमेदवाराच्या मानाने दलित आडनावाच्या उमेदवाराला बोलावणे येण्याची शक्यता सुमारे दोन-तृतीयांश निघाली. हे माणसांनी घेतलेले निर्णय आहेत. उद्या याच निर्णयांची वही यंत्रापुढे ठेवली की यंत्र त्यातून 'चांगल्या उमेदवारा'ची खूण शिकेल. १९२८ च्या मुंबईतील विणकाम खात्याचा हजेरीपट अशा यंत्राला दिला असता तर त्याने काय शिकले असते? चांगला साचेवाला अस्पृश्य नसतो, हेच. आणि ते त्याने आकडेवारीनिशी सिद्ध करून दाखविले असते! धोट्याचे निमित्तही त्याला लागले नसते.

आमचे यंत्र जात विचारीतच नाही, असे उत्तर कंपनी देईल. फॉसेट समितीच्या काळातील मालकही मज्जाव आम्ही केलेला नाही असेच म्हणत होते. महाराष्ट्रात जात विचारावी लागत नाही. आडनाव बोलते, गाव बोलते, शाळा बोलते, पदवीला किती वर्षे लागली हे बोलते, मधल्या वर्षी शिक्षण का थांबले हे बोलते. पहिल्या पिढीच्या पदवीधराच्या अर्जात अशा खुणा हमखास असतात.

आणि जो वहीत नाहीच त्याचे काय? राज्यात शेतकऱ्यांना ओळख क्रमांक देण्याचे काम २०२४ च्या अखेरीपासून चालू आहे. तो जमिनीच्या नोंदीला जोडलेला आहे. उद्या बँक, विमा कंपनी किंवा बियाण्याची कंपनी याच नोंदींवर आपले यंत्र उभे करील. ज्याच्या नावावर सातबारा नाही, जो बटईने धान लावतो, जी बाई रोवणीला जाते, ती माणसे त्या यंत्राला दिसणारच नाहीत. रिव्हेट-कार्नाकच्या योजनेत ती निदान 'मोकळे हात' म्हणून तरी होती.

५

मग योजनेत काय असावे? व्यवसायात कृत्रिम बुद्धिमत्ता आणण्याच्या योजनांचा आज रूढ झालेला क्रम असा असतो: कोणते काम यंत्राला द्यावयाचे ते निवडा, माहिती गोळा करा, लहान प्रमाणावर प्रयोग करा, खर्च आणि नफा मांडा, आणि मग कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण द्या. माणूस शेवटच्या पानावर येतो, आणि तोही 'असलेला' माणूस. इतिहासाचा अनुभव ध्यानात घेऊन हा क्रम बदलावा लागेल. माझ्या मते पाच गोष्टी पहिल्या पानावर आल्या पाहिजेत.

पहिली: किती माणसे काढणार हा आकडा पुरेसा नाही, येत्या पाच-दहा वर्षांत किती जागा भरल्या जाणार नाहीत, कंत्राटी आणि रोजंदारीच्या किती, हा आकडा जाहीर झाला पाहिजे. सार्वजनिक उद्योगात त्यांतले बिंदू कोणते होते हेही सांगितले पाहिजे.

दुसरी: यंत्राला कोणती वही वाचावयास दिली, ती कोणत्या काळातील, तीत कोण आहे आणि कोण नाही, हे तपासले पाहिजे, आणि ही तपासणी ती वही लिहिणाऱ्यांनीच करून भागणार नाही.

तिसरी: प्रयोगाच्या काळात यंत्राचा निर्णय आणि माणसाचा निर्णय शेजारी ठेवून, कोणत्या समाजाचे किती अर्ज मागे पडले हे मोजावे. त्यासाठी जात नोंदवावी लागेल. जात न मोजण्याने भेद जात नाही, तो दिसेनासा होतो. युरोपीय संघाने २०२४ च्या कायद्यात भरतीच्या आणि कामगार व्यवस्थापनाच्या यंत्रांना मोठ्या जोखमीच्या वर्गात घातले आहे. आपल्याकडे तर भेदभावाचा इतिहास घटनेने मान्य केलेला आहे. मग येथे कमी काळजी का?

चौथी: नाकारल्या गेलेल्या माणसाला कारण मागता आले पाहिजे, आणि ते मराठीत, त्याला समजेल असे, जबाबदार माणसाच्या सहीने मिळाले पाहिजे. यंत्राने सांगितले हे कारण होऊ शकत नाही, जसे धोटा हे कारण नव्हते.

पाचवी: यंत्रावर काम करण्याचे शिक्षण प्रथम त्यांना द्यावे ज्यांचे काम यंत्र घेणार आहे. त्यात झाडूवाला, कंत्राटी कामगार आणि दारात उभा असलेला पहिल्या पिढीचा पदवीधर आला पाहिजे. रिंगच्या चात्यांनी कसब सोपे करून दार उघडले तसे हे यंत्रही उघडू शकते. इंग्रजीच्या भीतीने मागे राहणारा मुलगा मराठीत विचारून पुष्कळ काही करू शकेल, हे मला वर्गात दिसते. ही शक्यता खरी आहे. पण शक्यता आपोआप हक्क होत नाही. रिंग खात्यात शिरलेल्या माणसाला विणकाम खाते आपोआप मिळाले नव्हते.

यातली एकही मागणी यंत्र थांबविण्याची नाही. १९२८ साली संपाच्या मागण्यांत एक ओळ वाढविण्यासाठी बाबासाहेबांना आपल्याच बाजूच्या पुढाऱ्यांशी भांडावे लागले. ती ओळ त्या वर्षी कोणाला साचा मिळवून देऊ शकली नाही. पण हजेरीपटाबाहेरही माणसे आहेत हे तिने दोन्ही पक्षांना कागदावर मान्य करावयास लावले. आज योजना लिहिल्या जात आहेत, अजून पुऱ्या झालेल्या नाहीत. आपल्या संघटनांनी, शिक्षकांनी, बँकांत आणि खाणींत असलेल्या आपल्या माणसांनी त्या मागवून वाचाव्यात आणि आपली ओळ त्यात घालावी. योजना छापून आल्यावर हजेरीपट वाचण्याखेरीज हाती काही उरत नाही.